पंचवीस लाखांचे विमाकवच : एका निवडणूक हमीचे मूल्यमापन

६ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील सभेत महाविकास आघाडीने महाराष्ट्राच्या मतदारांपुढे पाच हमी ठेवल्या. महिलांना दरमहा ३,००० रुपये आणि मोफत बसप्रवास, शेतकऱ्यांना ३ लाखांपर्यंत कर्जमाफी, बेरोजगार तरुणांना दरमहा ४,००० रुपयांपर्यंत साहाय्य, जातनिहाय जनगणना, आणि यांच्या जोडीला ‘कुटुंब रक्षण’ या नावाखाली प्रत्येक कुटुंबाला २५ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा व मोफत औषधे. प्रचाराच्या धुरळ्यात चर्चा झाली ती मुख्यतः ३,००० रुपयांची, कारण महायुती सरकारची लाडकी बहीण योजना तेव्हा चालू झालेली होती आणि दोन्ही बाजूंची चढाओढ तिथेच लागली होती. आरोग्य विम्याच्या हमीवर ना तिच्या समर्थकांनी फारसे बोलणे केले, ना विरोधकांनी ती खोडून काढण्याची तसदी घेतली. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, आघाडीचा मोठा पराभव झाला आणि ही हमी कागदावरच राहिली.

तरीही तिचे मूल्यमापन करणे निरर्थक नाही. २५ लाखांचा हा आकडा महाराष्ट्रात जन्मलेला नाही आणि महाराष्ट्रातल्या पराभवाबरोबर संपलेलाही नाही. काँग्रेसने ५ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या लोकसभेच्या ‘न्याय पत्र’ या जाहीरनाम्यात राजस्थानच्या धर्तीवर २५ लाखांपर्यंतचा कॅशलेस विमा देशभर लागू करण्याचे आश्वासन होते. महाराष्ट्रानंतर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आणि त्याच वर्षी बिहारमध्येही हाच आकडा मतदारांपुढे आला. म्हणजे हा एका पक्षाचा, सातत्याने मांडला जाणारा आरोग्य विमा सुधारणेचा प्रस्ताव आहे आणि त्याची तपासणी त्याच गांभीर्याने व्हायला हवी. महाराष्ट्र हे या तपासणीसाठी सोयीचे क्षेत्र आहे, कारण इथे सरकारी खर्चाने चालणारी रुग्णालयीन योजना एक तपाहून अधिक काळ चालू आहे आणि तिच्या अनुभवावर प्रस्ताव घासून पाहता येतो.

प्रस्तावाचे मूळ आणि त्यातून गळलेला भाग

राजस्थानात अशोक गेहलोत यांच्या सरकारने १ मे २०२१ रोजी मुख्यमंत्री चिरंजीवी स्वास्थ्य बीमा योजना सुरू केली. सुरुवातीला मर्यादा ५ लाखांची होती. पुढच्या अर्थसंकल्पात ती १० लाख झाली आणि २०२३-२४ च्या, म्हणजे निवडणूक वर्षाच्या, अर्थसंकल्पात २५ लाख. अन्नसुरक्षा यादीतील कुटुंबे, अल्प व अत्यल्प भूधारक शेतकरी, कंत्राटी कर्मचारी यांना ती मोफत होती. बाकीच्यांना वर्षाला ८५० रुपये भरून सहभागी होता येत असे. मर्यादेची ही चढण पाहताना एक गोष्ट लक्षात येते : दोन वर्षांत ५ वरून २५ लाखांवर जाण्यामागे रुग्णालयीन खर्च तेवढ्या वेगाने वाढला असे कोणतेही कारण नव्हते. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने ती ५० लाखांवर नेण्याचे आश्वासन दिले आणि पक्ष हरला. त्यानंतर आलेल्या भाजप सरकारने योजनेचे नाव बदलून मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य योजना असे केले, मर्यादा मात्र २५ लाखांवरच ठेवली. एकदा जाहीर झालेला आकडा खाली आणणे कोणत्याही पक्षाला राजकीयदृष्ट्या परवडत नाही, हे त्यातून दिसते.

राजस्थानच्या अनुभवाचे श्रेय केवळ विम्याला देणे अन्यायाचे ठरेल. त्या राज्यात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधांची योजना चालू होती आणि पुढे मोफत तपासण्यांचीही तिला जोड मिळाली. त्यासाठी स्वतंत्र खरेदी महामंडळ उभे केले गेले, जेनेरिक औषधे मोठ्या प्रमाणात घेतली गेली आणि ती तालुक्याच्या पातळीपर्यंत पोचवण्याची साखळी बांधली गेली. मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा विधानसभेने मंजूर केला, तेव्हा खासगी डॉक्टरांनी संप पुकारला आणि सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. विमा हा या सगळ्या मांडणीचा एक खांब होता.

‘न्याय पत्र’ लिहिणाऱ्यांना याचे भान होते असे दिसते. त्या जाहीरनाम्यात विम्याच्या शेजारीच सरकारी रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, फिरते दवाखाने यांत तपासणी, औषधे, शस्त्रक्रियांपासून पुनर्वसनापर्यंत सारे मोफत करण्याचे आश्वासन होते, रिक्त पदे भरण्याचे होते, आणि आरोग्यावरील तरतूद दरवर्षी वाढवत २०२८-२९ पर्यंत एकूण खर्चाच्या ४ टक्क्यांवर नेण्याचेही होते. मुंबईच्या सभेपर्यंत येताना यातला विमा टिकला, औषधे टिकली, आणि बाकीचे गळाले. सभेत मांडलेली हमी एका वाक्याची असते हे मान्य केले, तरी कोणते वाक्य निवडले गेले याला अर्थ आहे.

महाराष्ट्रात आधीच काय होते

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पसरली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, अशी तिची मर्यादा होती. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर ती मिळत असे, तसेच शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना पांढऱ्या पत्रिकेवरही. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची ५ लाखांची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. पुढे जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना, शिधापत्रिकेचा रंग न पाहता, ५ लाखांचे संरक्षण देण्याचे ठरले आणि १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले.

म्हणजे महाविकास आघाडीने हमी दिली त्याच्या चार महिने आधीच सार्वत्रिक व्याप्तीचा टप्पा, निदान कागदोपत्री, गाठला गेला होता. सरकारी औषधांच्या बाबतीतही तसेच : सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केल्याचे सरकारने जाहीर केले होते. त्यामुळे ‘कुटुंब रक्षण’ या हमीतून नव्याने काय मिळणार होते, या प्रश्नाचे काटेकोर उत्तर एवढेच निघते की मर्यादा ५ लाखांवरून २५ लाखांवर जाणार होती. तेव्हा मूल्यमापनाचा मुख्य प्रश्न हा आहे : या वाढीव २० लाखांनी कोणाचे काय बदलले असते?

मर्यादेचे गणित

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, बाळंतपणे वगळता रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा देशातील सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. ही सरासरी आहे, आणि वैद्यकीय खर्चात सरासरीपेक्षा फार दूर गेलेली टोकाची प्रकरणेच कुटुंबाला बुडवतात, हे खरे. किमती तेव्हापासून वाढल्या आहेत, हेही खरे. तरीसुद्धा खासगी रुग्णालयातील सरासरी खर्चाच्या ५ लाख हे सुमारे सोळा पट आणि २५ लाख हे जवळजवळ अठ्ठ्याहत्तर पट होतात. शिवाय योजनेत रुग्णालयाला बाजारभावाने पैसे मिळत नाहीत. प्रत्येक उपचाराचे पॅकेज ठरलेले असते आणि ते बाजारभावापेक्षा बरेच कमी असते. पॅकेजच्या दराने मोजले तर ५ लाखांची मर्यादा ओलांडणारे कुटुंब शोधून काढावे लागते.

कोणत्या वाढीने खरोखर फरक पडतो, हे डायलिसिसच्या रुग्णाकडे पाहिले की कळते. आठवड्याला तीन वेळा, वर्षाला १५६ वेळा त्याला यंत्रावर झोपावे लागते. एका वेळेचा खर्च सर्व मिळून दीड हजार रुपये धरला, तर वर्षाचा आकडा २ लाख ३४ हजारांवर जातो. जुन्या दीड लाखांच्या मर्यादेत हा रुग्ण ऑगस्टच्या सुमारास उघड्यावर पडला असता. ५ लाखांत तो वर्षभर निभावतो आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या आजारपणासाठी निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लक राहते. दीडचे पाच झाले तेव्हा हजारो कुटुंबांच्या आयुष्यात प्रत्यक्ष फरक पडला. पाचाचे पंचवीस करण्याने या रुग्णाला काहीच मिळत नाही.

मग वाढीव २० लाख कोणाला लागतात? यकृत, हृदय, फुफ्फुस यांच्या प्रत्यारोपणाला, अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाला, काही कर्करोगांच्या नव्या औषधांना. ही कुटुंबे संख्येने थोडी असली तरी त्यांची वेळ भीषण असते. आज त्यांना मुख्यमंत्री सहाय्यता निधी, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा, सिद्धिविनायकासारख्या देवस्थानांची मदत आणि समाजमाध्यमांवरील याचना असे दार दार हिंडावे लागते. त्यांच्यासाठी सरकारने उभे राहायला हवे, यात मला शंका नाही. मात्र त्यासाठी अडीच कोटी कुटुंबांची मर्यादा वाढवण्याची गरज नाही. त्या मोजक्या उपचारांची यादी करून त्यांना स्वतंत्र निधी देणे पुरेसे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नेमका हाच मार्ग घेतला आणि ५ लाखांहून अधिक खर्चाच्या, मुख्यतः प्रत्यारोपणाच्या, निवडक उपचारांसाठी राखीव निधी ठेवण्याचा निर्णय केला. निधी किती भरला जाईल आणि किती लवकर रुग्णालयापर्यंत पोचेल हा पुढचा प्रश्न आहे, पण रचना म्हणून ती २५ लाखांच्या सरसकट मर्यादेपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

इथे विरोधकांच्या आक्षेपाचाही समाचार घ्यायला हवा. अशा हमींनी राज्य दिवाळखोरीत जाईल, असे साधारणपणे म्हटले जाते. विम्याच्या हमीपुरते ते टिकत नाही. त्याच ७५ व्या फेरीनुसार वर्षभरात शंभरांपैकी सुमारे २.९ माणसे रुग्णालयात दाखल होतात. पाच माणसांचे कुटुंब धरले आणि प्रत्येक रुग्ण खासगी रुग्णालयातच गेला, योजनेचा दर न लागता त्याने सरासरी बाजारभावच दिला, असे खर्चाच्या दृष्टीने वाईटातले वाईट गृहीत धरले, तरी वर्षाला कुटुंबामागे सुमारे ४,६०० रुपये येतात. अडीच कोटी कुटुंबांचे मिळून साडेअकरा हजार कोटी. २०१७-१८ च्या किमतींचे हे ढोबळ गणित आहे, प्रत्यक्षातला आकडा त्याहून वेगळा येईल. पण लाडकी बहीण योजनेसाठी जून २०२४ च्या अर्थसंकल्पात वर्षाला ४६,००० कोटी रुपयांचा अंदाज होता आणि आघाडी ती रक्कम दुप्पट करायला निघाली होती, हे शेजारी ठेवले की प्रमाण लक्षात येते. गंमत अशी की या गणितात मर्यादा कुठेच आली नाही. खर्च ठरतो तो किती लोक दाखल होतात आणि प्रत्येकासाठी काय दर दिला जातो यावरून. मर्यादा वाढवणे राज्याला स्वस्त पडते, कारण तिथपर्यंत पोचणारे थोडे असतात. मतदाराच्या कानाला मात्र २५ लाख हे ५ लाखांच्या पाचपट ऐकू येतात.

एका रुग्णाचा प्रवास

आकड्यांपेक्षा एका उपचाराचा माग काढला तर प्रस्तावातली पोकळी अधिक स्पष्ट होते. समजा, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याला पहाटे छातीत कळ आली. ग्रामीण रुग्णालयापर्यंत तो पोचला, तिथे ईसीजी निघाला, हृदयविकाराचा झटका असल्याचे निदान झाले. जिल्ह्याचे ठिकाण तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि अँजिओप्लास्टीसाठी बहुधा त्यापुढे नागपूर गाठावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळाली, रस्ता धड असला, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आलेला नसला, तर तो सायंकाळपर्यंत अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट असलेल्या, रुग्णालयात पोचेल. हृदयाच्या स्नायूला वाचवण्याची वेळ तासांत मोजली जाते. त्याच्या शिधापत्रिकेवर ५ लाखांचे संरक्षण आहे की २५ लाखांचे, याने या तासांत काही फरक पडत नाही.

रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा प्रतिनिधी, भेटतो, शिधापत्रिका आणि आधार पाहतो, तातडीची पूर्वपरवानगी फोनवरून घेतली जाते. सगळे सुरळीत झाले तर अँजिओप्लास्टी होते. तिचे पॅकेज दीड लाखांच्या जुन्या मर्यादेतही आरामात बसत असे. सुरळीत झाले नाही तर नातेवाइकांना ते परिचित वाक्य ऐकायला मिळते : ‘हे योजनेत बसत नाही.’ कधी एखादी तपासणी बसत नाही, कधी ‘चांगला’ स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसत नाही, कधी कागद येईपर्यंत डिपॉझिट भरायला सांगितले जाते. योजनेतील रुग्णाकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे, परंतु रात्री अकरा वाजता नागपुरात परक्या माणसाने हा नियम कोणाला दाखवायचा? छत्तीसगडविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत नाव असल्यामुळे कुटुंबाचा खिशातून होणारा खर्च कमी झाल्याचे आढळले नव्हते, आणि खासगी रुग्णालयात जाणाऱ्यांवर तो भार अधिक होता. मर्यादेत भरपूर जागा असतानाही खिशातून पैसे जातात, कारण गळती मर्यादेच्या खाली होते.

रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो. योजनेतून घरी सोडल्यानंतरची साधारण दहा दिवसांची औषधे मिळतात. त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या किमान वर्षभर, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची गोळी बहुधा जन्मभर, हा खर्च त्याचा त्याने करायचा. मजुरीचे दिवस बुडालेले, नागपुरातल्या मुक्कामात उधारी झालेली, आणि मग महिन्याकाठी मेडिकलचे बिल. दोन-तीन महिन्यांत गोळ्या आधी एक दिवसाआड होतात आणि मग थांबतात. स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होण्याचा धोका याच काळात असतो. सरकारने हजारो रुपये खर्चून केलेला उपचार शे-पाचशे रुपयांच्या गोळ्यांअभावी वाया जाण्याची ही जागा आहे, आणि २५ लाखांच्या विम्याचा एक रुपयाही तिथे पोचत नाही.

देशाच्या पातळीवरही चित्र याला धरूनच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून होत होता. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांशी तुलना केली तर ही घट मोठी आहे. परंतु उरलेल्या खर्चाचा मोठा हिस्सा औषधांचा आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा आहे, जिथे रुग्णालयीन विमा मुळातच लागू होत नाही.

म्हणूनच ‘कुटुंब रक्षण’ या हमीतले दुसरे दोन शब्द, ‘मोफत औषधे’, मला पहिल्या भागापेक्षा कितीतरी मोलाचे वाटतात, आणि आघाडीने ते शेपटासारखे जोडले याचे आश्चर्यही वाटते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा औषधटंचाईचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आला होता. सरकारने टंचाईचा इन्कार केला होता. कारणांचा वाद बाजूला ठेवला तरी, औषध खरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे, मग नव्या प्राधिकरणाकडे अशी हातांतर होत राहिली, हे नोंदलेले आहे. त्यामुळे औषधे मोफत असल्याची घोषणा अपुरी आहे, ती ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर उपलब्ध असण्याची हमी हवी. राजस्थानकडून घ्यायचा धडा हा होता.

पैसे कोण देणार आणि कधी

हमीत ‘विमा’ हा शब्द आहे, परंतु एवढ्या मर्यादेला तो कितपत लागू पडतो हे तपासण्याजोगे आहे. महाराष्ट्रात २०२० नंतरच्या एकत्रित योजनेत दीड लाखांपर्यंतचा भार विमा कंपनी उचलत असे आणि त्यापुढचा, ५ लाखांपर्यंतचा, राज्य आरोग्य हमी सोसायटी सरकारी तिजोरीतून देत असे. वरच्या थरातला धोका कंपनीवर टाकण्यात शासनालाही फायदा नव्हता. २५ लाखांपर्यंतचा थर तर निश्चितच तिजोरीतून भरावा लागला असता. त्याला काही हरकत नाही, मात्र मग रुग्णालयांची देयके वेळेवर देणे ही संपूर्णपणे अर्थ खात्याची जबाबदारी होते.

तेलंगणाचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण ते त्याच पक्षाचे आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी सत्तेवर आलेल्या काँग्रेस सरकारने दोनच दिवसांत आरोग्यश्री योजनेची मर्यादा ५ लाखांवरून १० लाखांवर नेली. घोषणा पाळण्यातली तत्परता निर्विवाद होती. पण २०२५ मध्ये थकीत देयकांच्या कारणावरून तिथल्या खासगी रुग्णालयांनी योजनेतील सेवा थांबवल्या. थकबाकीचा प्रश्न त्या सरकारच्या आधीपासूनचा होता आणि तो कोणत्याही एका पक्षाचा नाही, महाराष्ट्रातील रुग्णालयेही वेळोवेळी ही तक्रार करत आली आहेत. मुद्दा असा की मर्यादा वाढवायला एक शासन निर्णय पुरतो, देयके चुकती करायला दर महिन्याला रोकड लागते, आणि रोकड नसली की रुग्णालय ‘योजनेची खाट शिल्लक नाही’ असे सांगून मोकळे होते.

उलट बाजूने, मर्यादा उंच ठेवून देखरेख ढिली राहिली तर नको त्या शस्त्रक्रियांची भीती असते. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते, आणि आधी मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावाने उपचार झाल्याचीही नोंद होती. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांपैकी बहुतेकींनी उचल घेऊन, स्वतःच्या पैशाने या शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यामुळे हा दोष विमा योजनेचा नव्हता. पण खासगी व्यवहारावर नियंत्रण नसलेल्या राज्यात सरकारी पैशाचा ओघ वाढवताना ही आठवण ठेवणे भाग आहे.

आघाडीने स्वतःच वापरलेले हत्यार

या प्रकरणात मला सर्वांत खटकणारी बाब वेगळीच आहे. मे २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील महाविकास आघाडी सरकारनेच खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी कमाल दर ठरवून दिले होते : साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले आणि जादा आकारलेले पैसे काही रुग्णांना परतही मिळाले. अंमलबजावणी सर्वत्र सारखी नव्हती, पळवाटाही निघाल्या, तरी राज्य सरकार इच्छा असेल तर खासगी दरांना हात घालू शकते हे त्या आदेशाने दाखवून दिले. जानेवारी २०२१ मध्ये याच सरकारने शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियमांत सुधारणा करून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन आणले. केंद्रानेही फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत सुमारे २९,६०० रुपयांवर आणली तेव्हा विमा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या रुग्णांना एकाच वेळी दिलासा मिळाला होता.

हे सारे अनुभव गाठीशी असलेल्या आघाडीने २०२४ मध्ये दरनियंत्रणाचा एक शब्दही हमीत घातला नाही, आणि त्याऐवजी रुग्णालयांच्या बाजूने कोणाचाही रोष ओढवणार नाही असा आकडा निवडला. राजकारण म्हणून ते समजण्यासारखे आहे, कारण राजस्थानात डॉक्टरांच्या संपाने सरकारची झालेली कोंडी सर्वांनी पाहिली होती. सत्ताधारी महायुतीकडूनही दरनियंत्रणाचा प्रस्ताव आला नाही, आणि भाजपने लोकसभेच्या जाहीरनाम्यातून दिलेले, ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आणलेले सत्तर वर्षांवरील सर्वांसाठीचे ५ लाखांचे संरक्षणही याच रुग्णालयीन चौकटीतले आहे. वृद्धांना लागणारा खर्च प्रामुख्याने रोजच्या गोळ्यांचा, चष्म्याचा, दातांचा आणि घरी लागणाऱ्या शुश्रूषेचा असतो, आणि त्या कार्डावर यातले जवळजवळ काही मिळत नाही.

तेव्हा हा प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारावा की नाकारावा, असा प्रश्न मला विचारला तर मी त्याची फेरमांडणी मागेन. मर्यादा ५ लाखांवर राहू द्यावी आणि त्यापुढच्या उपचारांसाठी राखीव निधी विधिमंडळाच्या मंजुरीने, दरवर्षी ठरलेल्या तारखेपर्यंत भरला जावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि अपस्मार यांची औषधे रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर किमान वर्षभर प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतील अशी तरतूद योजनेतच असावी, म्हणजे शस्त्रक्रिया एका खात्याची आणि गोळ्या दुसऱ्या खात्याच्या, ही फाळणी मिटेल. कोणत्या तालुक्यात कोणत्या उपचारासाठी किती अंगीकृत खाटा आहेत, याचा तक्ता दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावा, आणि ज्या तालुक्यांपुढे शून्य येईल तिथे खासगी रुग्णालयाची वाट न पाहता उपजिल्हा रुग्णालयाची क्षमता वाढवण्याचा खर्च योजनेच्याच निधीतून व्हावा. रुग्णालयांची बिनवादाची देयके ठराविक मुदतीत न दिल्यास शासनावर व्याजाचा बोजा पडावा, आणि योजनेतील रुग्णाकडून बेकायदा पैसे घेतल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम रुग्णालयाच्या पुढच्या देयकातून दुपटीने कापून रुग्णाच्या खात्यात जमा व्हावी.